कोपऱ्यावरची चादर

मी सोलर पॅनेल बोलतोय. जाहिरातीत शेतभर पसरलेले दिसतात ते माझे भाऊबंद. मी आपला जेवणाच्या ताटाएवढा. पण ताठा विचाराल, तर त्यांच्यापेक्षा काकणभर जास्तच!

माझ्या माहितीपत्रकात शेवटी बारीक अक्षरांत लिहिलंय : पॅनेलवर सावली पडू देऊ नये, एक कोपरा झाकला तरी काम बंद पडेल. तेवढंच माझं मर्म. या घरात ते पत्रक शेवटपर्यंत एकाच माणसानं वाचलं. सूनबाईंनी.

मला आणलं म्हाताऱ्या घड्याळजींच्या मुलीनं. ती परगावी शाळेची व्हॅन चालवते. बाबा मुलाकडे, गच्चीवरच्या खोलीत राहायचे. तिथं दिवा होता, प्लग नव्हता. मुलीनं मला कठड्याला बांधलं आणि बाबांचा फोन आणि कानातलं मशीन माझ्या हवाली केलं.

"इथं नकोसं झालं की फोनवर नुसतं 'ये' म्हणा, बाबा. गाडी घेऊन दारात उभी राहते."

"बघू गं," बाबा म्हणाले. लेकीच्या घरी जाऊन राहायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

मी मशीन ठणठणीत ठेवलं, आणि तिथंच घात झाला. एका सोमवारी जिन्यात सूनबाई नवऱ्याला म्हणाली, "कधी सुटायचे हे एकदाचे!" बाबांना शब्द न् शब्द ऐकू आला. ते कठड्याशी येऊन बसले आणि जन्माच्या सवयीनं मोठ्यानं म्हणाले, "बास झालं. रविवारी पोरीला सुट्टी असते. रविवारी सांगतो, ये म्हणून."

ते खाली पोचलं. मग नवराबायको गच्चीवर आले, बाबा अंघोळीला गेल्यावर.

"गेले तर जाऊ देत की," सूनबाई म्हणाली.

"वेडी आहेस का? बाप लेकीकडे जाऊन राहिला म्हणून लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

सूनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. बाईला डोकं होतं, हे मात्र मान्य करतो.

शेजारच्या उंच इमारतीमुळे मला ऊन मिळायचं अकरा ते दोन. मंगळवारपासून बरोबर अकराला दोरीवर ओली चादर यायची आणि तिचं एक टोक माझ्या कोपऱ्यावर पडायचं. आणि बाबांना गोड हाक : "बाबा, खाली या, गरम जेवा, इथंच पडा. वर ऊन मी म्हणतंय." बाबा वर यायचे तेव्हा चादर घडी होऊन गेलेली.

आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. वस्तू बंद पडली की दोष तिच्या पोटातच असणार, ही त्यांची पक्की खात्री. डोळ्याला भिंग लावलं, माझी मागची डबी उघडली, स्क्रू बशीत ओळीनं मांडले, ब्रशनं धूळ झाडली, पुन्हा बंद केलं. चार दिवस रोज हेच. अहो, मला काही झालेलं नाही! दोरीकडे बघा, त्या दोरीकडे! पण माझं कोण ऐकतं?

"माझ्याच हातून काहीतरी बिघडलं रे," माझ्या काचेवरून हात फिरवत ते म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

खालच्या प्लगला चार्जर लावू का, असंही त्यांनी विचारून पाहिलं. "नको, बाबा! ठिणग्या उडतात त्यातून. मशीन जळलं म्हणजे?" सूनबाई म्हणाली. ते घाबरले.

बुधवारी मशीन मुकं झालं, शनिवारी फोन.

रविवारी मुलीनं भावाला फोन केला. तो बोलायला गच्चीवरच आला. "बंद नाही पडला, ताई, त्यांनीच बंद ठेवलाय. तुझ्यावर रागावलेत. म्हणतात, टाकून गेली ना, आता फोनबिन नको." मग खोलीत डोकावून बाबांच्या कानात ओरडला, "ताईला सवड नाही म्हणे!"

बाबांनी मान हलवली. दिवसभर जेवले नाहीत.

आता त्यांना 'ऐकू येत नाही, एकटे नकोत' म्हणून खाली, मागच्या खोलीत आणलंय. मशीन आपल्याच हातून बिघडलं असं धरून बाबांनी ते, मुक्या फोनसकट, घड्याळाच्या सुट्या भागांच्या डब्यात टाकलंय. मी त्याच खोलीच्या खिडकीच्या गजांना आहे. इथं ऊन भरपूर. चादर येत नाही. उलट सूनबाई रोज माझ्यावरून फडकं फिरवते. वीज फुकट म्हणून आता माझ्यावर मुलाचा फोन चार्ज होतो.

संध्याकाळी पाचला तो वाजतो. वायर लावलेलीच असते, म्हणून मुलगा खिडकीशी उभं राहून बोलतो. "उत्तम आहेत, ताई. काळजी करू नकोस. राग जाईल हळूहळू." दोन हातांवर बाबा खाटेवर बसलेले असतात, त्याच्या ओठांकडे बघत.

"कुणाचा रे फोन?"

मुलगा हात हलवतो : कुणाचा नाही.

ताई, हे बोलणं माझ्याच उन्हावर चालतं, याची मला लाज वाटते. बाबा 'ये' म्हणाले होते. सोमवारी, कठड्याशी बसून. मी ऐकलंय. फोन करू नका, ताई. या.