जुनं शैक्षणिक साधन

मित्रांनो, शाळेतल्या वस्तू आपली जीवनकथा सांगायला बसल्या की आधी कारखान्याचं नाव घेतात आणि घडवणाऱ्या हातांचे आभार मानतात. मला ते जमणार नाही. मला कोणी घडवलं नाही. मी जन्मले होते. मला आई होती, आणि माझ्या कमरेच्या हाडावरच्या खुणांवर विश्वास ठेवायचा तर मीही कोणाची तरी आई असेन. आज मी नेब्रास्कातल्या प्लम हॉलो या गावच्या हायस्कुलात, शरीररचनेच्या वर्गात, एका लोखंडी दांड्याला टांगलेला सांगाडा आहे. पण मी बोलणार बाईसारखी, कारण मी बाई आहे.

मी मेले तेव्हा मला कोणी जाळलं नाही, पुरलंही नाही. उकळलं. मग उन्हात घातलं, औषधानं पांढरं केलं, हाडाहाडाला भोकं पाडून पितळी तारा ओवल्या आणि जबडा हलावा म्हणून दोन बाजूंना दोन स्प्रिंगा लावल्या. कवटीच्या माथ्यावर आकडा बसवला. त्यानंतर पेंढ्यात गुंडाळून पेटीत घातलं आणि पेटीवर कलकत्त्याचा शिक्का मारला. त्या पेटीतून माझं एकेक हाड इथवर आलं, नखाएवढंसुद्धा मागे राहिलं नाही. नाव तेवढं राहिलं.

इथे मला दुसरं नाव मिळालं, हॅरॉल्ड, तेही पुरुषाचं. कोणी ठेवलं ते कोणाला आठवत नाही. नाताळात माझ्या डोक्यावर लाल टोपी चढायची, दातांत सिगारेट खोचली जायची, बरगड्यांवरून दिव्यांच्या माळा फिरायच्या. माझ्याच कमरेच्या हाडावर मुलं बाई आणि पुरुष ओळखायला शिकायची. चाचणीत ‘बाई’ असं बरोबर उत्तर लिहून पूर्ण गुण घ्यायची आणि जाताना माझ्या गालफडावर टपली मारून म्हणायची, “येतो रे हॅरॉल्ड.” इतक्या वर्षांत एकालाही त्यात काही विचित्र वाटलं नाही. मला मात्र राग यायचा. मेलेल्याला राग येत नाही असं तुम्हाला वाटत असेल, तर ते तुम्हाला जिवंत माणसांनी सांगितलेलं आहे.

मग कुबिचेकबाई आल्या. तेव्हा त्या तरुण होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी टोपी काढून कचऱ्यात टाकली, ओल्या फडक्यानं माझी कवटी पुसली आणि वर्गाकडे वळून म्हणाल्या, “ही कोणाची तरी लेक होती.”

त्यांचा वर्ग ऑनर्सचा, म्हणजे वरच्या दर्जाचा. त्यात शिरणं अवघड आणि टिकणं त्याहून अवघड. दरवर्षी पहिल्या दिवशी बाई वर्गाचे नियम मोठ्यानं वाचून दाखवत. फोन दाराजवळच्या खिशांत ठेवायचा. हातमोजे आणि चष्मा घातल्याखेरीज टेबलाजवळ यायचं नाही. गुण घसरले तर साध्या वर्गात जायचं. शिस्तभंगाची नोंद झाली तर त्याच दिवशी जायचं, मग तुम्ही कोणीही असा. आणि शेवटी, माझ्याकडे बोट दाखवून: हिला नाव ठेवायचं नाही, कपडे चढवायचे नाहीत, हिचे फोटो काढायचे नाहीत. जो हे करेल तो वर्गाबाहेर. खाली मुलांनी सही करायची, आई-बापांनी सही करायची. वसंतात मांजर चिरायचं असे, त्याला ज्यांची हरकत असेल त्यांच्यासाठी वेगळी चौकट होती. सगळ्यांची संमती घेतली जायची. मांजराची सोडून, आणि माझी.

तरीही मी बाईंना मानत होते. त्यांच्या राज्यात मला बरे दिवस आले. शिकून गेलेली मुलं भेटायला येत, कोणी डॉक्टर झालेली, कोणी गुरांची डॉक्टर, आणि माझ्यासमोर उगाच जरा ताठ उभी राहत. मधल्या काळात शाळेनं एक प्लास्टिकचा सांगाडा घेतला. पांढराफेक, हलका, खटकन जोडायचा आणि खटकन सोडायचा. तो एका कपाटात आणि मी दुसऱ्यात.

ग्रेटा पॉस्पिशिल या वर्षी वर्गात आली. बाईंनी सगळ्यांना विचारलं, हा वर्ग का घेतलास. कोणी कॉलेजचं नाव सांगितलं, कोणी आईनं घ्यायला लावला म्हणालं. ग्रेटा म्हणाली, “माझी आई आजारी होती तेव्हा डॉक्टर बोलायचे आणि बाबा नुसती मान हलवायचे. मीही हलवायची. मला ते शब्द हवेत.” आईचं काय झालं हे तिनं सांगितलं नाही. गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मला तिच्या हातांवरून कळलं. माझं मनगट तिनं असं धरलं, जसं निजलेल्या माणसाचं धरतात.

आता त्या शुक्रवारचं सांगते.

शरद ऋतूत इथे एक आठवडा असा असतो की जुने विद्यार्थी गावी परततात आणि शुक्रवारी अमेरिकन फुटबॉलचा, एकमेकांना कवेत धरून पाडायच्या खेळाचा, सामना होतो. सामन्याआधी प्लास्टिकच्या सांगाड्याला प्रतिस्पर्धी संघाची जर्सी घालायची, छोट्या गाडीत बसवून मैदानाभोवती फिरवायचं आणि मग मधोमध उभं करून आपल्या खेळाडूंनी त्याच्यावर झेप घ्यायची, अशी इथली रीत. हाडं उडतात, लोक हसतात, सोमवारी पोरं ती पुन्हा खटाखट जोडतात.

उन्हाळ्यात शाळेच्या फरशांना मेण लावतात. तेव्हा वर्गातलं सगळं सामान बाहेर काढलं होतं आणि परत ठेवताना आमची कपाटं बदलली होती. सामन्यात संघाला चिअर करणाऱ्या मुली सांगाडा न्यायला आल्या तेव्हा बाई चाचण्या तपासत होत्या. मुलींनी विचारलं, “बाई, कुठला न्यायचा?” बाईंनी मान वर न करता, जुन्या सवयीनं किल्ली पुढे केली. “डावीकडच्या कपाटातला.”

डावीकडे मी होते.

लाल जर्सी माझ्या अंगात घातली गेली. मला कवटीला धरून उचलण्यात आलं. मैदानाभोवती ढोल वाजत होते, भाजलेल्या सॉसेजचा धूर पसरला होता, आजोबा मंडळी नातवंडांना उंच धरून मला दाखवत होती. मधोमध मला उभं केलं आणि ब्रोडी श्वोएगर धावत आला. हा ब्रोडी संघाचा लाडका, कोचचा मुलगा, आणि ऑनर्सच्या वर्गात तिसऱ्या रांगेत बसणारा. त्यानं मला कवेत घेऊन खाली पाडलं. उजव्या मनगटाची तार तुटली, बोटं गवतात विखुरली आणि एक बरगडी चिरली.

ग्रेटा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत होती. गाडी तिच्यासमोरून गेली तेव्हाच तिनं माझा जबडा स्प्रिंगांवर हलताना पाहिला. प्लास्टिकचा जबडा हलत नाही. ती ओरडली, पण ढोलांपुढे कोणाला ऐकू जाणार. मग ती रांग मोडून धावली. ब्रोडी दुसऱ्यांदा झेप घ्यायच्या बेतात होता. तिनं त्याला असं ढकललं की तो गाडीच्या कडेवर तोंडावर आपटला. त्याचं नाक फुटलं. कोचनं तिला दंडाला धरून ओढलं, तेव्हा ती गुडघ्यांवर होती आणि डोक्यावरची तुऱ्याची टोपी उलटी धरून तिच्यात माझी बोटं गोळा करत होती.

सोमवारी सगळे माझ्या वर्गात जमले, कारण नुकसान बघायचं होतं. या वर्षी नव्यानं आलेले मुख्याध्यापक टीग, कोच डॅरेल, नाकात कापूस घातलेला ब्रोडी, ग्रेटा, आणि तिचे वडील एमेट. ते धान्याच्या कोठारावरून तसेच आले होते, भुवयांवर मक्याची धूळ होती. कुबिचेकबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या.

“पोराचं नाक मोडलंय,” कोच म्हणाला. “आणि कशासाठी, तर कॅटलॉगमधून मागवलेल्या हाडांसाठी.”

“तुझा पोरगा माझ्या पोरीच्या दुप्पट आहे, डॅरेल,” एमेट म्हणाले. “तिनं ढकलल्यावर हा पडत असेल, तर शुक्रवारी तुम्ही जिंकलात कसे?”

“एमेट, ही चेष्टेची वेळ नाही.”

“मला वाटलं चेष्टा तुम्हीच करत होतात. मैदानावर.”

टीगसरांनी हात वर केला. “ग्रेटा, बाळा, तुझ्या घरी काय झालं ते आम्ही जाणतो. अशा वेळी माणसाचा तोल—”

“हे आईबद्दल नाहीये, सर,” ग्रेटा म्हणाली. “मी तिला ओळखलं, म्हणून धावले.”

“कोणाला ओळखलंस?”

तिनं माझ्याकडे बघितलं. मग ब्रोडीकडे वळली. “गेल्या आठवड्यात हिच्याच हातातली सगळी हाडं सांगून तू पैकीच्या पैकी घेतलेस. कवेत घेताना तुला काहीच कळलं नाही?”

“जरा जड वाटलं,” ब्रोडी पुटपुटला.

“जरा जड वाटलं,” एमेट म्हणाले. “बघा.”

“बाई,” ग्रेटा म्हणाली, “तुम्ही सांगा ना यांना. ती कोण आहे ते. नियम काय आहे ते. यानं सही केलीय.”

मित्रांनो, मी कितीतरी वर्षं त्या बाईंचा आवाज ऐकत आले होते. ही कोणाची तरी लेक होती, हे वाक्य त्यांनी दर पहिल्या दिवशी नव्या मुलांसमोर म्हटलं होतं, आणि दरवेळी ते मला खरं वाटलं होतं. आता त्यांच्यासमोर नुसती मुलं नव्हती, मोठी माणसं होती. त्यांनी एवढंच म्हणायचं होतं की ही खरी बाई आहे, आणि चुकीचं कपाट मी सांगितलं.

“ते जुनं शैक्षणिक साधन आहे,” बाई म्हणाल्या. “नाजूक आहे. सगळ्यांनीच काळजी घ्यायला हवी होती.”

टीगसरांनी सुटकेचा श्वास सोडला. साधनाची भरपाई होते. शिस्तभंगाची नोंद ग्रेटाच्या नावावर झाली, आणि बाईंच्याच नियमानुसार त्याच दिवशी ती ऑनर्सच्या वर्गातून बाहेर गेली. कोच मुलाला घेऊन सरावाला गेला. ग्रेटा रडली नाही. तिनं दप्तर उचललं, खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली.

दारात एमेट थांबले. “तुम्ही माझ्या बायकोला शिकवलं होतं, बाई,” ते म्हणाले. “ती म्हणायची, कुबिचेकबाई कोणाच्या बापाला भीत नाहीत.” मग लेकीच्या पाठीवर हात ठेवून ते निघून गेले.

सगळे गेल्यावर बाईंनी माझं मनगट पुन्हा तारेत ओवलं. फार सुबक काम केलं. एकेक हाड आधी मऊ ब्रशनं साफ केलं. मग माझी बोटं हातात धरून हळूच म्हणाल्या, “मला माफ कर.”

मी केलं नाही. आजही केलेलं नाही. रिकाम्या खोलीत, ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्यापाशी मागितलेली माफी ही फार सोयीची गोष्ट आहे. माझी बोटं तुटली म्हणून मी रागावले नव्हते. हाडं ओवता येतात. एका आई नसलेल्या मुलीनं बाईंकडे बघून ‘सांगा ना’ म्हटलं होतं, आणि त्यांनी मला साधन केलं होतं.

फुटबॉलचा हंगाम संपला, मैदानावर बर्फ पडलं, तेव्हा एक दिवस बाई टीगसरांना वर्गात घेऊन आल्या आणि त्यांना माझ्यासमोर उभं केलं.

“ही खरी आहे,” त्या म्हणाल्या. “माणूस. बाई. त्या दिवशी किल्ली मी दिली होती, न बघता.”

टीगसरांनी खिशातले हात बाहेर काढले. बराच वेळ ते माझ्या दातांकडे बघत राहिले. “हे तेव्हा का नाही सांगितलंत?”

“खरी हाडं म्हटल्यावर तुम्ही हिला शाळेतून हलवाल असं वाटलं. आणि मला निवृत्तीआधीची शेवटची दोन वर्षं शांतपणे काढायची होती.”

“म्हणजे मी एका मुलीला शिक्षा केली, ती—”

“ती नियम पाळत होती. माझा. तिला परत घ्या.”

“नोंद पुसता येईल,” टीगसर म्हणाले. “पण वर्ग बदलायची मुदत कधीच गेली, मिसेस कुबिचेक. अर्धा अभ्यासक्रम होऊन गेला. आता तिला वर्गात परत कसं आणू?”

दुसऱ्या दिवशी ग्रेटा जिन्याकडे जात होती. बाईंनी दारातूनच तिला हाक मारली, आणि आपण सगळं सांगून टाकलं, हे तिला सांगितलं. दार उघडं होतं, मला स्पष्ट ऐकू आलं.

ग्रेटा सगळं ऐकेपर्यंत थांबली. तिला तसं शिकवलेलं आहे. मग म्हणाली, “हे मला सांगून काय उपयोग, बाई? मला माहीतच होतं.” आणि जिना उतरून साध्या वर्गाकडे गेली.

आता विद्यापीठातून माणसं येणार आहेत. ती मला सन्मानानं नेतील म्हणतात, मी कुठली ते शोधायचा प्रयत्न करतील, आणि नाहीच कळलं तर मातीत ठेवतील. मला बरं वाटायला हवं. पण तिसऱ्या रांगेत ब्रोडी अजून बसतो, आणि ग्रेटाच्या खुर्चीवर पोरं आपले कोट टाकतात.

मित्रांनो, तुमच्या शाळेत माझ्यासारखं कोणी टांगलेलं असेल, तर त्याच्यावरची धूळ पुसा, त्याला टोपी घालू नका, कवटीला धरून उचलू नका. पण एवढं करून आपण फार चांगले आहोत असं समजू नका, हे सगळं कुबिचेकबाईही करत होत्या. एखादी मुलगी तुमच्याकडे बघून ‘सांगा ना’ म्हणेल, आणि खोलीत तुम्हाला नको असलेली माणसं बसलेली असतील. तेव्हा तिथेच, त्यांच्यासमोर सांगा. माझ्यापाशी नंतर येऊ नका. मी ऐकून घेईन, कारण मला उठून जाता येत नाही.