वर्षाला बोटभर चाल

मित्रांनो, मी एक जुनं ऑर्किड आहे आणि सध्या घाईत आहे. दिवाणखान्यात मिरवणारी ऑर्किडं माझी लांबची भावकी. आमचं जाणं-येणं नाही. मी चिखलातला. घोट्याएवढं पाणी आणि आखूड गवत, एवढाच आमचा मुलूख. एके काळी डोंगराच्या पायथ्यापासून नदीच्या मुखापर्यंत आमचीच वस्ती होती. पुढे पाणी उपसून गोदामं उभी राहिली. उरला हा तुकडा.

माझा कंद दरवर्षी सुकतो आणि शेजारी नवा धरतो. म्हणजे मी चालतो. वर्षाला बोटभर. हसू नका, आमच्यात मला उनाड म्हणतात.

मग एका संशोधक बाईंनी मला शोधलं. त्यांना आनंदाने रडूच आलं. फोटो झाले, कौतुक झालं, आणि म्हशींनी तुडवू नये म्हणून तारेचं कुंपण, पाटी आणि रखवालदार आले. म्हशी गेल्या, तसं लव्हाळं माणसाच्या उंचीचं झालं. मला ऊन मिळेना, फूल येईना. कंद वाटाण्याएवढा उरला. शेवटी मी कुंपणाबाहेर पळून जायचं ठरवलं. अंदाज घेतला, तर पोहोचायला तीन-चार शतकं लागणार होती. लगेच निघालो.

एका सकाळी रखवालदार ओरडला, "सासूबाई, म्हैस आवरा! माझी नोकरी जाईल!"

"जावईबापू, फाटक तुम्हीच उघडं टाकलंत. तिला काय पाटी वाचता येते?"

"अहो, इथली झाडं दुर्मीळ आहेत!"

"माझी म्हैसही एकच आहे."

म्हैस लव्हाळं खात, तुडवत आली आणि माझ्या पानावर पाय देऊन उभी राहिली. म्हटलं, आटोपला कारभार. पण ती पुढे सरकली, आणि माझ्या डोक्यावर चक्क आभाळ होतं!

काही दिवसांनी बाई आल्या. तुडवलेल्या जागी माझं नवं पान उन्हात तरारलं होतं. त्या बराच वेळ वाकून बघत राहिल्या.

"हे कोणी केलं?"

"सासूबाईंनी," रखवालदाराने क्षणात सांगून टाकलं. "म्हणजे, म्हशीने."

बाई सासूबाईंकडे वळल्या. "रोज आणाल तिला?"

"तिला विचारून सांगते."

पुढच्या वर्षी मला फूल आलं. म्हशीने ते खाल्लं. बाई पुन्हा रडल्या, मी नाही. कंद शाबूत असला की फूल परत येतं.

मित्रांनो, कुणाला जपायला निघालात, तर त्याचं ऊन अडवू नका. आता बोलणं आवरतो. दिवस डोक्यावर आला आणि म्हैस अजून आलेली नाही. कुणी जरा फाटक उघडता का?