उसन्या बिया मिळणार नाहीत

नागेशने रेझ केलं, म्हणजे चाल वाढवली, की टेबल रिकामं व्हायचं. एकजण सिगरेट ओढायला बाल्कनीत, दुसरा उगाच फ्रीज उघडून उभा. कारण नागेश अचूक खेळायचा. लिमिट पोकरवरचं एक जाडजूड पुस्तक त्याने वाचलं होतं, आणि त्या पुस्तकाच्या मते शहाणा माणूस बहुतेक डाव सुरुवातीलाच सोडून देतो. नागेश त्याहून शहाणा होता. त्यामुळे तो खेळायला लागला म्हणजे पानं भारी आहेत, हे कुणालाही न सांगता कळायचं. बाकीचे पानं टाकून मोकळे व्हायचे आणि उत्तम पानं हातात धरून नागेश एकटाच बसायचा. पुस्तकात यावर प्रकरण नव्हतं.

इथे आखातात पैसे लावून खेळणं गुन्हा, म्हणून खजुराच्या बिया. प्रत्येकाला ताटलीभर. सुरुवातीला चाल एका बीची, शेवटी दोनाची. वाढवायची तरी तेवढ्यानेच. सगळी ताटली एकदम पुढे सरकवून समोरच्याला घाबरवायची सोय नाही. इथे माणूस संपतो तो हप्त्याहप्त्याने, नोकरीसारखा. शिवाय नागेशचे घरचे नियम होते. ज्याच्या बिया संपतील त्याने भांडी घासायची, मग यल्ला, आपापल्या घरी. उसन्या बिया मिळणार नाहीत.

बायको विनिता लेकीच्या, सोनमच्या, कॉलेजसाठी तिच्याबरोबर पुण्याला गेली, तेव्हापासून अल कुसैसच्या या फ्लॅटमध्ये माणसांचा आवाज व्हायचा तो रविवारी दुपारीच. आणि आजचा रविवार शेवटचा होता. वसईचा सिरिल, हॉटेलच्या बँक्वेट ऑफिसात दुसऱ्यांची लग्नं लावण्यात केस पांढरे केलेला, मंगळवारी कायमचा गावी निघाला होता. मग उरणार शेजारचा राजन. आणि दोघांत पोकर म्हणजे मुलाखत.

पानं वाटली जात असताना नागेशने सोनमला फोन लावला.

"बाबा, कॅन आय कॉल यू लेटर?"

"बरं," म्हणून त्याने ठेवला. हाही डाव पहिल्या चालीलाच सोडला.

मग त्याने पानं उचलली. दोन एक्के. बदामचा आणि चौकटचा.

याहून चांगली सुरुवात या खेळात नाही. रेझ करायचं, विचारसुद्धा करायचा नाही. त्याने समोर पाहिलं. राजन खुर्ची मागे सरकवायच्या तयारीत होता. सिरिल खिशात सिगरेट चाचपत होता. नागेशला एकच हवं होतं: सिरिल जायच्या आधी एक डाव, एकच, कुणीतरी त्याच्यासोबत शेवटपर्यंत बसावं.

"कॉल," तो म्हणाला आणि एकच बी टाकली.

सिगरेट खिशातच राहिली.

मधे सगळ्यांसाठी पाच पानं उघडायची असतात. पहिली तीन आली, त्यात दोन इस्पिक. चौथं पान तिसरं इस्पिक. राजनने पानं टाकली. "मैं तो खलास. चाय रखता हूँ."

"नाग्या, तू अजून आहेस?" सिरिल म्हणाला. "ताप-बिप आहे का रे?"

"खेळ तू."

"नाही, विचारलं. माझ्या फिलोमिनाला सांगायला पाहिजे, नागेश शेवटपर्यंत बसला. ती विश्वास नाही ठेवायची."

पाचवं पान चौथं इस्पिक. सिरिलच्या हातात एक जरी इस्पिक असलं तर त्याची पाच इस्पिकं पुरी, आणि दोन एक्के म्हणजे रद्दी. नागेशने दोन बिया टाकल्या. सिरिलने ताटलीत उरलेल्या चारही उचलून मधे ठेवल्या.

"रेझ."

असं कुणी केलं की नागेश पानं टाकायचा. हात आपोआप वळायचा. पण पुस्तक म्हणत होतं: मधे एवढा ढीग आहे, बघायला लागतात फक्त दोन बिया. बहुतेक वेळा हरलास तरी परवडतं. पुस्तकाला जे पाहिजे तेच नागेशलाही पाहिजे, असं पहिल्यांदाच होत होतं.

"कॉल."

सिरिलने पानं उलटी केली. किलवरची दुर्री आणि चौकटची नव्वी. काहीच नाही.

"टाकायला पाहिजे होतंस मेल्या!" तो ओरडला. "तू कायम टाकतोस! इतकी वर्षं तुला मी याच्यावर तर लुटत आलोय!"

राजन चहाचे कप घेऊन आला तो हसतच राहिला. नागेशही हसला. मग त्याने सिरिलची ताटली पाहिली. रिकामी होती.

"घे ना माझ्यातल्या अर्ध्या," तो घाईने म्हणाला.

"उसन्या बिया मिळणार नाहीत," सिरिलने नागेशच्याच आवाजात सांगितलं. "नियम म्हणजे नियम, हबीबी. बॅगा भरायच्यात." त्याने चहा उभ्या-उभ्याच संपवला आणि बाह्या सरसावून किचनमध्ये गेला. राजनही निघाला.

भांडी थोडीच होती: तीन ताटल्या, तीन कप. सिरिल घासत होता, नागेश शेजारी फडकं घेऊन उभा. शेवटचा कप होत आला तेव्हा नागेशने वरचं कपाट उघडलं आणि एक ताटली काढून सिंकमध्ये ठेवली.

सिरिलने ती उजेडात धरून पाहिली. "ही स्वच्छ आहे."

"नीट नाही निघालेली."

सिरिलने तिला साबण लावला. नागेशने दुसरी ठेवली.

"ही पण नाही निघाली?"

"ही पण."

"पूर्ण सेट आहे का रे असा?"

"लग्नातला आहे," नागेश म्हणाला. "बारा जणांचा."

सिरिलने त्याच्याकडे पाहिलं, नळ थोडा बारीक केला, आणि पुढच्या ताटलीसाठी हात पुढे केला.