सूचना क्रमांक नऊ

पाचवीच्या वर्गाला मी माहितीचे उतारे शिकवते. गोष्ट नि कविता शिकवायला सगळे एका पायावर तयार असतात. औषधाच्या खोक्यातला कागद, शेगडीचं माहितीपत्रक, भूकंप कसा होतो याचा उतारा, असलं काही आलं की शिक्षकखोलीतली सगळी बोटं माझ्याकडे वळतात. मला त्याचा गर्व होता. साधासुधा नाही, चांगला नाकावर बसलेला.

मी मुलांना सांगते, मजकूर कसा बांधलाय ते आधी ओळखा. कधी नुसतं वर्णन असतं. कधी दोन गोष्टी शेजारी ठेवून तुलना केलेली असते. कुठे कारण आणि त्याचा परिणाम, कुठे अडचण आणि तिच्यावरचा उपाय. आणि एखादी कृती सांगायची असेल तर क्रम. क्रमाचा धडा माझा सगळ्यात लाडका, कारण त्यात मी 'मठ्ठ यंत्र' नावाचा खेळ घेते. एकाने सूचना वाचायची, दुसऱ्याने यंत्र व्हायचं आणि जेवढं वाचलं तेवढंच करायचं. डोकं चालवायचं नाही. 'झाकण काढा' लिहायला विसरलात तर यंत्र बंद बाटलीच उपडी करणार. मुलं हसून लोळतात आणि धडा कधी विसरत नाहीत.

या वर्षी नमुना म्हणून मी माझाच एक कागद वर्गात नेला. तो कसा लिहिला गेला ते आधी सांगायला हवं.

आईला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हापासून दिवसभर तिच्याजवळ थांबायला एक मावशी येत. वयाने माझ्याहून लहान, पण आम्ही सगळे मावशीच म्हणायचो. चार महिने त्यांनी आईचं सगळं केलं. दुपारी तिला पेपर वाचून दाखवायच्या, अगदी जाहिरातींसकट, आणि आई वाकड्या तोंडाने हसायची. मग आईला दुसरा, लहानसा झटका आला आणि गिळायला त्रास होऊ लागला. डॉक्टरांनी भरवायची नवी पद्धत सांगितली. तिला घरी आणलं त्या संध्याकाळी मी संगणकावर बसून सूचना लिहिल्या. मोजून नऊ. ठळक अक्षरं, मोकळ्या ओळी, वर प्लास्टिकचं आवरण. धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, हा कागद दवाखान्यातच लावायला हवा." मी तो पलंगाशी टांगला. दुसऱ्या दिवशी मावशी आल्या तेव्हा माझी शाळेची बस सुटायची वेळ झाली होती. "सगळं कागदावर आहे," एवढं सांगून मी पळाले.

दुपारी आईला ठसका लागला आणि संध्याकाळपर्यंत श्वास घेता येईना. पाणी फुप्फुसात गेलं होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, पाणी पावडर घालून दाट करून दिलं होतं ना? मावशींनी नाही म्हणून मान हलवली. त्या तो कागद घेऊनच आल्या होत्या. माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "ताई, मी वाचूनच केलं. हे इथे बघा."

मी बघितलं नाही. कागद त्यांच्या हातातून ओढून घेतला आणि भाऊ, भावजय, नर्स, बाकांवरची अनोळखी माणसं, सगळ्यांसमोर म्हणाले, "वाचता येत नसेल तर तसं सांगायचं होतं. माझ्या पाचवीच्या पोरांनाही कळेल इतकं सोपं लिहिलंय."

आई अकरा दिवस दवाखान्यात होती. वाचली, पण होता नव्हता तेवढा आवाज गेला. मी मावशी पाठवणाऱ्या संस्थेला पत्र लिहिलं, मुद्देसूद, कारण वेगळं आणि परिणाम वेगळा. 'कारण: सेविकेने लेखी सूचना वाचल्या नाहीत.' खोटं कशाला बोलू, ते पत्रही मला आवडलं होतं. पुढे आईसाठी शिकलेल्या नर्सबाई आल्या. त्यांना माझ्या कागदाची गरज नव्हती, म्हणून तो खणात पडून होता. क्रमाच्या धड्याच्या दिवशी सकाळी उचलून मी तो पिशवीत टाकला.

वर्गात एका मुलीला आजी केलं. तिने बाकावर आडवं होऊन लगेच जीभ बाहेर काढली. "आजी जिवंत आहे," मी म्हटलं, तेव्हा जीभ आत गेली. वर्गातला सगळ्यात उंच मुलगा यंत्र झाला. वाचायला जी उभी राहिली तिला सगळे वकील म्हणतात, कारण ती माझ्याशीही हुज्जत घालते.

एक, पाठ उंच करावी. यंत्राने दप्तरं लावून आजीला बसवलं. दोन, हनुवटी किंचित खाली. तीन, चमचा अर्धाच भरावा. चार, घास गिळल्याची खात्री करावी. पाच, तीन घासांनंतर दोन चमचे पाणी द्यावे. यंत्राने खोटं खोटं पाणी पाजलं. सहा, तोंड पुसावे. सात, अर्धा तास आडवे करू नये. आठ, भांडी वेगळी ठेवावीत.

"नऊ," वकिलाने वाचलं, "महत्त्वाचे. पाणी कधीही पातळ देऊ नये. डब्यातली पावडर घालून, दाट करून मगच द्यावे." ती थांबली. "बाई, पण पाणी तर पाचलाच पाजलं."

वर्ग हसायला लागला. बाकावरच्या आजीने संधी साधली आणि घसा खरवडून असा काही ठसका काढला की 'पुरे' असं माझ्या तोंडून निघून गेलं.

"यंत्र चुकलं!" मागून कुणीतरी ओरडलं.

"यंत्र कसं चुकेल? यंत्राने बरोबर केलं," वकील म्हणाली. "लिहिणारा मठ्ठ आहे. सगळ्यात महत्त्वाचं कुणी शेवटी लिहितं का? बाई, हे कोणी लिहिलंय?"

छत्तीस मुलं माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "कोण जाणे. असाच कुठेतरी मिळाला."

इतकी वर्षं शिकवतेय, पण मुलांच्या तोंडावर, डोळ्यांत बघून मी इतकं धडधडीत खोटं कधी बोलले नव्हते. कानाच्या पाळ्या तापल्या. मुलांनी कागदाला दहापैकी तीन गुण दिले. चार देत होती, पण वकील म्हणाली की सुबक अक्षरांना गुण द्यायचा हा चित्रकलेचा तास नाही. जाता जाता ती म्हणाली, "ज्यांनी लिहिलंय त्यांना शोधून सांगा हं बाई. नाहीतर कुणाची तरी आजी मरेल."

मधल्या सुट्टीत मी प्रसाधनगृहाची कडी लावून कागद पुन्हा वाचला. डॉक्टरांनी जसजसं सांगितलं तसतसं मी लिहीत गेले होते, आणि पाण्याची गोष्ट त्यांनी उठता उठता सांगितली होती. मीही ती उठता उठता लिहिली होती. एवढंच. एका बाईने माझं म्हणणं ओळीने ऐकलं, आणि मी तिला चारचौघांत अडाणी ठरवलं.

भावाला फोन केला. तो म्हणाला, "जाऊ दे ना ताई. आई बरी आहे आता. कशाला उकरून काढतेस?" हे ऐकून मला हायसं वाटलं. खरंच वाटलं. त्या हायशावर मी आठवडाभर काढला.

वकील मात्र रोज विचारायची, "सांगितलं का त्यांना?" सहाव्या दिवशी मी म्हणाले, "सांगितलं."

"मग काय म्हणाले?"

"आभार मानले तुमचे."

ती खूश होऊन उड्या मारत जागेवर गेली. पोरीने माझ्यावर काडीचाही संशय घेतला नाही, आणि तेच मला सोसवलं नाही. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसून मी संस्थेला नवं पत्र लिहायला घेतलं. पहिल्या खर्ड्यात आईच्या प्रकृतीबद्दल होतं, मावशींच्या चार महिन्यांच्या सेवेबद्दल होतं, थोडा गैरसमज झाल्याबद्दल होतं. माझी चूक कुठे आहे म्हणून शोधलं, तर चौथ्या परिच्छेदात. तो फाडला. दुसऱ्यात ती तिसऱ्या परिच्छेदापर्यंत वर आली. तोही फाडला. पहिल्या ओळीत चूक लिहायला मला चाळीस मिनिटं लागली. मुलांना मी त्यासाठी दहा देते.

पत्राची एक प्रत संस्थेत दिली. तिथल्या बाईंनी वाचली आणि चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "आम्ही त्यांना काढलं नव्हतं हो," त्या म्हणाल्या. "समज देऊन ठेवून घेणार होतो. त्याच म्हणाल्या, माझं नाव कमी करा, वाचून करायचं काम मला जमत नाही." मावशी आता एका मोठ्या लाँड्रीत कामाला होत्या. पत्ता घेतला, पण त्या दिवशी पाय उचलला नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून अर्धी रजा टाकली आणि गेले.

लाँड्रीच्या मागच्या खोलीत ओल्या कापडाचा वास आणि गरम वाफ भरलेली होती. लांब टेबलापाशी बायका जोडीजोडीने चादरींच्या घड्या घालत होत्या. मावशींची जोडीदारीण जेवायला गेली होती आणि त्या एकट्याच एका चादरीशी झटत होत्या. मला बघून हात थांबले. मला काही सुचेना म्हणून मी चादरीची दुसरी टोकं धरली.

"राहू द्या ताई," त्या म्हणाल्या. "वाकडी होईल."

मी टोकं सोडली. त्यांनी आधी आईची चौकशी केली. जेवते का, पाठीला जखम तर नाही ना, पेपर कोण वाचून दाखवतं. कुणी दाखवत नाही, असं मला सांगावं लागलं.

"इथे बरं चाललंय," त्या म्हणाल्या. "वाचायचं काही नाही. लाल फीत असली तर या गाठोड्यात, निळी असली तर त्या."

मी पत्र पुढे केलं. त्यांनी हात पुसून ते घेतलं, उलटसुलट बघितलं आणि टेबलावर ठेवलं. "मुलगी येईलच आता शाळेतून. ती वाचेल. हल्ली मी सगळं तिच्याकडूनच वाचून घेते. लाइटचं बिल, शाळेची चिठ्ठी, सगळंच. माझ्याकडून वाचताना सुटतं काहीतरी. त्या दिवशी कळलं ना ते."

"मावशी, तुमच्याकडून काही सुटलं नव्हतं," मी म्हणाले. "कागदच चुकीचा होता. मी चुकीचा लिहिला होता."

"माझ्या समाधानासाठी बोलू नका ताई. मीच आधी शेवटपर्यंत वाचायला हवं होतं. आईंना भूक लागली होती, म्हणून एकेक ओळ वाचत भरवत गेले." त्या माझ्यासमोर माझीच कड घेत होत्या. "तुम्ही एवढ्या शिकलेल्या. तुमचं कसं चुकेल?"

मी दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं. त्या मान डोलवत राहिल्या आणि चादरी उचलत राहिल्या. त्यांना ते पटत नव्हतं. 'पाचवीच्या पोरांनाही कळेल', हे दवाखान्यातलं माझं वाक्य त्यांनी मुलं धडा पाठ करतात तसं मनावर घेतलं होतं, आणि ते आता मलाही पुसता येत नव्हतं.

मुलगी आली. दप्तर कोपऱ्यात टाकलं, आईने खूण केली तसं पत्र उचललं आणि उभ्या उभ्या खणखणीत वाचू लागली. "'माझ्या आईच्या आजाराला मी कारण आहे. मावशींनी माझ्या सूचना जशा लिहिल्या होत्या तशाच, क्रमाने पाळल्या. तो क्रम चुकीचा होता आणि तो मी लिहिला होता. मावशी तेव्हाच मला दाखवत होत्या. मी बघितलं नाही.'"

आजूबाजूच्या घड्या थांबल्या होत्या. मुलीने पत्रातून डोकं वर काढलं.

"म्हणजे माझ्या आईला वाचता येतं?"

"येतं," मी म्हणाले. "नीट येतं. जे लिहिलं होतं ते तिने तसंच वाचलं."

"बघ! मी म्हणत होते ना!" तिने आईचा दंड हलवला. मावशींनी चादर तोंडाशी धरली होती आणि खांदे हलत होते. मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे वळली. "तुम्ही शाळेत शिकवता ना? आई म्हणाली होती."

"हो."

"कितवीला?"

"पाचवीला."

"मी पण पाचवीतच आहे," ती म्हणाली, आणि आईला खेटून, तिच्यामागे सरकून उभी राहिली.