साभार परत, अकरा वेळा

मी एक कथा बोलतेय. छापलेली नव्हे, हाताने लिहिलेली. मुळात सोळा पानं, कागदाच्या एकाच बाजूला, डावीकडे दोन बोटं समास सोडून, निळ्या शाईत. अकरा संपादकांनी मला नाकारलं आहे आणि हे सांगताना माझी मान जराही खाली जात नाही. कारण मी चांगली आहे. स्वतःची स्तुती स्वतः करू नये म्हणतात, पण माझ्या वतीने बोलणारं दुसरं कुणी बराच काळ नव्हतंच.

जिने मला लिहिलं तिला मी आईच म्हणते. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं लोकांकडून वाचून घ्यायची, भिंगं बदलत "आता बरं दिसतंय की आधी?" असं विचारायचं आणि नंबर लिहून द्यायचा, हे तिचं काम. गिऱ्हाईक नसलं की ती चिठ्ठ्यांच्या कोऱ्या बाजूवर माझी वाक्यं लिहायची. एक चिठ्ठी तर चुकून एका गिऱ्हाइकाबरोबर गेली. त्यावरचं वाक्य तिला पुन्हा कधी आठवलं नाही. मला अजून त्या जागी थोडं रिकामं वाटतं.

माझ्यात घड्याळं दुरुस्त करणारा एक माणूस आहे. लोकांची घड्याळं त्याला वेळेवर परत देववत नाहीत. बंद पडलेलं घड्याळ चालू झालं की ते अजून चार दिवस जवळ ठेवून ऐकत बसावं, असं त्याला वाटतं. हा माणूस आईने कल्पनेतून आणलेला नाही. ते तिचे बाबा, म्हणजे नात्याने माझे आजोबा. चाळीस वर्षं त्यांनी हाच धंदा केला आणि गिऱ्हाइकांना "उद्या या" हेच सांगितलं.

मी लिहून पूर्ण झाले तेव्हा आईने मला त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी मला हातसुद्धा लावला नाही.

"छापून येऊ दे, मग वाचीन," ते म्हणाले. "हाताने काय, सामानाची यादीपण लिहितात."

"आणि नाही छापली तर?"

"तर अजून तयार झाली नाही म्हणायचं."

आईला राग आला, पण पटलंही. मात्र तिला घाई होती ती वेगळ्या कारणाने. दर सहा महिन्यांनी ती आजोबांचे डोळे तपासायची. आतला पडदा झिजत चालला होता, चष्म्याने भागण्यासारखं दुखणं नव्हतं. तक्त्यावरची शेवटची ओळ आधी गेली, मग तिच्या वरची. किती उरलंय हे आईइतकं नेमकं दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. आधी मी छापून येते, की आधी त्यांना छापील अक्षर दिसेनासं होतं, एवढाच प्रश्न होता.

मग माझ्यासाठी स्थळं बघणं सुरू झालं. आई वाचनालयात जायची, मासिकं चाळायची, आतल्या पानावरचा पत्ता उतरवून घ्यायची. पहिल्यांदा तिने ज्याचं मुखपृष्ठ आवडलं तिथेच मला पाठवलं. ते निघालं फक्त कवितांचं त्रैमासिक. तिथल्या संपादकांनी लिहिलं, "आम्ही कथा छापत नाही. तरी पूर्ण वाचली. जेवण थंड झालं." माझ्या आयुष्यातली ती पहिली दाद, आणि ती चुकीच्या पत्त्यावर मिळाली. दुसऱ्या ठिकाणी हजार शब्दांपलीकडे काही घेत नव्हते. तिसरं मासिक दोन वर्षांपूर्वीच बंद पडलं होतं. ज्याचे चार अंक आपण वाचले नाहीत त्याने आपली सोळा पानं का वाचावीत, हे शहाणपण आईला पाचव्या नकारानंतर आलं. उशिरा आलं, पण टिकलं.

कोण वाचतं आणि कोण नाही, ते मला बोटांवरून कळायचं. एकांनी चार दिवसांत परत पाठवलं, टाचणीसुद्धा न काढता. त्यावर शिक्का मात्र ठसठशीत, "साभार परत". एका कार्यालयात मी चौदा महिने ढिगाऱ्यात होते आणि माझ्यावर कुंडी ठेवलेली होती. त्यांनी मला वाचलं नाही, पण झाड छान वाढलं.

आता आईची एक खोड सांगते. झेरॉक्स पाठवायची नाही, असा तिचा हट्ट. झेरॉक्स दिसली की संपादकाला वाटतं, ही दहा दारं हिंडून आलेली दिसते. म्हणून ती दर वेळी मलाच पाठवायची. पण परत येताना माझं पहिलं पान मळायचं, शिक्का बसायचा, टाचणीचा गंज लागायचा. मग ती फक्त पहिलं पान नव्याने लिहायची आणि मला पुन्हा कोरी करकरीत करून धाडायची. दहा दारं हिंडून पहिल्यांदाच आल्याचा आव, दुसरं काय. नुसतं उतरवून काढायला तिला जमायचं नाही. दर खेपेला त्यात एखादं विशेषण चढायचं, एखादं वर्णन वाढायचं. अकराव्या खेपेपर्यंत माझं पहिलं पान वरमाईसारखं नटलेलं होतं, आणि दुसऱ्या पानापासून मी आपली नेहमीच्या साडीत.

बाराव्या वेळी आईने नीट निवडून एक त्रैमासिक गाठलं. सात आठवड्यांनी मी तिच्याच अक्षरातल्या पत्त्याच्या, तिनेच तिकीट लावून दिलेल्या पाकिटातून दुकानात परत आले. पाकीट जाड होतं. जाड पाकीट म्हणजे नकार आणि पातळ म्हणजे होकार, हे लिहिणाऱ्यांना पाठच असतं. आईने ते हातात तोललं आणि न उघडता जुन्या फ्रेमच्या खणात टाकलं. "बास आता," एवढंच म्हणाली. तिचा आवाज तसा मी कधी ऐकला नव्हता.

खणात एकोणीस दिवस काढले मी. माझ्या अंगाला चिकटून संपादकांचं पत्र होतं आणि त्यात काय आहे ते मला माहीत होतं. कथेला सगळं सांगता येतं, फक्त हाक मारता येत नाही. फार वाईट गेले ते दिवस.

विसाव्या दिवशी आजोबा डोळे तपासायला आले. तक्त्यावरच्या वरच्या दोनच ओळी वाचल्या त्यांनी, तिसरीला थांबले. आईने नोंद केली.

"तुझ्या कथेचं काय झालं?" त्यांनी विचारलं.

"आली परत."

"काय बिघडलंय म्हणाले?"

"उघडलं नाही मी पाकीट, बाबा."

"उघडल्याशिवाय कसं कळलं तुला? मी गिऱ्हाइकाला असं सांगितलं असतं तर त्याने घड्याळ फेकून मारलं असतं."

आईने खण ओढला. पत्र पाच ओळींचं होतं. कथा आवडली, घेतो आहोत. मात्र पहिलं पान काढावं, नमनालाच घडाभर तेल झालं आहे. ते दुसऱ्या कुणी लिहिलं आहे का? कथा दुसऱ्या पानाच्या पहिल्या वाक्यापासून सुरू होते. पंधरा तारखेला अंक छपाईला जातो, त्याआधी प्रत पोचावी.

त्या दिवशी तेरा तारीख होती.

होकार आलाय हे बाजूलाच राहिलं, आईला पहिल्या पानाचा राग आला. "अकरा वेळा नव्याने लिहिलंय मी ते पान," ती म्हणाली.

"आणि दुसरं किती वेळा लिहिलंस?"

"एकदाच."

"मग झालं तर," आजोबा म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

आईने टाचणी काढली आणि पहिलं पान बाजूला ठेवलं. मला वाईट वाटलं का? खोटं कशाला बोलू, हायसं वाटलं. त्याच दुपारी मी कुरिअरने निघाले, पंधरा पानांची.

दीड महिन्याने अंक आला. संपादक भला माणूस, लाल खुणांनी भरलेल्या मलाही त्यांनी अंकासोबत परत पाठवलं. आईने धावतपळत अंक आजोबांच्या हातात दिला. सकाळचे अकरा वाजले होते, खिडकीत भरपूर उजेड होता. त्यांनी पान जवळ धरलं, लांब धरलं, चष्मा बदलला, पुन्हा जवळ धरलं.

"सगळ्या मुंग्या झाल्यात गं," ते म्हणाले.

आई खाली बसली. तिला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "मी वाचून दाखवते."

"नको. माझ्याबद्दल आहे, माझं मी वाचीन." मग त्यांनी विचारलं, "तुझ्या हातची कुठाय? तुझं अक्षर मोठं असतं."

मोठं असणारच. चष्मा नसलेल्या माणसालाही नंबर वाचता यावा, म्हणून तशीच सवय लागली आहे तिला. चार वर्षांत ज्यांनी मला बोटही लावलं नव्हतं, त्यांच्या मांडीवर मी पहिल्यांदा गेले.

"सुरुवात कुठाय?"

"हीच सुरुवात, बाबा."

ते ओळीखाली बोट धरून वाचतात. अर्ध्या तासात डोळ्यांना पाणी येतं, म्हणून दिवसाला एकच पान. चौथ्या पानावर म्हणाले, "शिक्षिकाबाईंचं घड्याळ मी तीन आठवडे नव्हतं ठेवलं. पंधरा दिवस."

"कथा आहे ती, बाबा."

"कथा असली म्हणून काय झालं?" ते म्हणाले आणि पुढची ओळ शोधू लागले.

मी छापली गेले, मला चारचौघांनी वाचलं, दोन पत्रंही आली. लिहिणाऱ्यांकडे आणि छापणाऱ्यांकडे माझं आता काही मागणं नाही. मागणं आहे ते आजोबांच्या डोळ्यांकडे. आज सहावं पान झालंय आणि माझी पानं पंधरा. अजून नऊ दिवस काम करा, बाबांनो. त्यांना शेवटापर्यंत न्यायचं ते मी नेते.