तोंड बघितलं की आपलं

सरकारी अनुदानाचा अर्ज व्हर्ना स्टकीने एकटीने लिहिला होता, त्यामुळे पहिल्या बैठकीच्या सकाळी तिची मान जरा ताठच होती. टॅलन काउंटीच्या कॉरोनर ऑफिसात ती एकोणीस वर्षं कारकून. माणूस अचानक मेला की कशाने मेला हे ठरवायचं काम कॉरोनरचं, आणि इथला कॉरोनर म्हणजे ऑर्विल हॅस्केट. दर चार वर्षांनी निवडून यायचा, एरवी गावातली अंत्यविधींची पेढी चालवायचा, आणि बोलायला असा गोड की मयताच्या घरचेसुद्धा हसत बाहेर पडत.

नदीपलीकडे मार्श काउंटी. दोन्ही ऑफिसांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य, आणि भांडण एकच: नदीत आलेलं प्रेत कुणाचं? ज्याच्या काठाला लागलं त्याने ते शवविच्छेदनाला दीडशे मैल न्यायचं, त्यानेच पुरायचं. म्हणून टॅलनच्या ऑफिसात भिंतीवर एक लांब काठी टांगलेली होती, टोकाला लोखंडी आकडा. "तोंड बघितलं की आपलं," ऑर्विल डोळा मारून म्हणायचा, "न बघता ढकललं की मार्शचं!" नव्या माणसाला हा विनोद पहिल्याच दिवशी ऐकवला जाई. नाताळात त्या काठीला दिव्यांची माळ गुंडाळायची व्हर्नाच. ही बापजाद्यांच्या काळची गोष्ट असणार, असं तिने धरून टाकलं होतं. विचारलं मात्र कधी नव्हतं. न विचारण्यात माणसाची फार सोय असते.

तिचा धाकटा भाऊ लोरेन अकरा वर्षांपूर्वी मार्चमध्ये आईशी भांडून घराबाहेर पडला, तो गेलाच. टेक्सासला तेलविहिरींवर गेला असेल, असं सगळा गाव म्हणाला. शेरीफने फायलीवर 'स्वखुशीने गेला असावा' असं लिहिलं आणि फाईल कपाटात ठेवली. आई, आर्डिथ, आता चौऱ्याऐंशीची. तिचं मागणं एकच: डोळे मिटायच्या आत कळू दे. खरं सांगायचं तर व्हर्नाने अर्ज लिहिला तो त्यासाठीच. अनुदानाची अटच अशी होती की दोन्ही काउंट्यांचे कॉरोनर आणि शेरीफ एका टेबलाशी बसतील आणि आपापल्या बेपत्ता माणसांच्या आणि अनोळखी प्रेतांच्या याद्या एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवतील. इतक्या वर्षांत हे कुणाला फुकट सुचलं नव्हतं.

बैठक वाचनालयाच्या हॉलमध्ये भरली. आईने भाजून पाठवलेला 'शुगर क्रीम पाय', साय-साखर भरलेला गोड पदार्थ, व्हर्ना कापत होती. ऑर्विलने पहिला तुकडा उचलला.

"आर्डिथच्या हाताला तोड नाही," तो म्हणाला. "मार्शवाल्यांना लहान तुकडे दे गं, त्यांना सवय नाही."

मार्शची नवी कॉरोनर रेनाटा प्रुइट, मूळची नर्स, हसली आणि वाचू लागली. "अनोळखी पुरुष, तिशीच्या आसपास. अकरा वर्षांपूर्वी, तीन एप्रिल. गिरणीच्या वळणाला, आमच्या काठावर. डाव्या गळपट्टीच्या हाडात धातूची पट्टी. डेनिमचं जॅकेट. एक बटण हिरवं, लाल दोऱ्याने शिवलेलं."

सुरी तुकड्यातच रुतून राहिली. ते हिरवं बटण आईच्या जुन्या कोटाचं. निळा दोरा संपला म्हणून व्हर्नाने लाल लावला होता, आणि "जोकर करतेस का माझा?" म्हणून लोरेन तिच्यावर खेकसला होता. हाडात पट्टी बसली ती तो गवताच्या माळ्यावरून पडला तेव्हा.

"फोटो आहे?"

रेनाटाने फोटो पुढे सरकवला. व्हर्नाने तो पाहिला आणि खुर्ची न बघताच खाली बसली. लोरेनच होता तो. अकरा वर्षं. सहा मैलांवर. ती रोज ऑफिसला जात होती, आणि तो सहा मैलांवर नावाऐवजी नंबर कोरलेल्या दगडाखाली होता.

"आणखी काय लिहिलंय?" तिने विचारलं.

रेनाटा घुटमळली. "जॅकेट पाठीवर फाटलेलं. आकडा अडकवल्यासारखं. आमच्या जुन्या कॉरोनरचा शेरा आहे... 'पलीकडून ढकललेलं दिसतं. वाद घालून उपयोग नाही.'"

टॅलनचा शेरीफ खाकरला. ऑर्विल आपल्या बशीत बघत होता.

"ऑर्विल?"

"व्हर्ना, देवाशपथ सांगतो, पालथा होता तो." त्याचा आवाज चिरकला. "मी तोंड बघितलंच नाही! बघितलं असतं तर लोरेनला ओळखलं नसतं का मी?"

"ओळखलं असतंत," व्हर्ना म्हणाली. "म्हणूनच बघितलं नाहीत."

"तो आहे हे मला माहीत नव्हतं गं."

"कुणाचा तरी होता ना? आणि मी... मी त्या काठीला दिवे लावले, ऑर्विल. दर वर्षी. मी हसायचे!"

एवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. आईच होती. बैठक आहे हे तिला माहीत होतं आणि दम निघत नव्हता. व्हर्नाने स्पीकर लावला.

"झाली का गं बैठक? काही कळलं?"

"सापडला, आई. गेलाय तो. तेव्हाच गेला होता. मार्शमध्ये पुरलाय."

मग म्हातारीचा आवाज आला, मोडलेला पण ठाम. "म्हणजे टेक्सासला नव्हता. रागावून राहिला नव्हता माझ्यावर." ती रडली, आणि रडतारडताच म्हणाली, "ऑर्विल आहे का तिथे?"

व्हर्नाने फोन उचलून ऑर्विलपुढे धरला. तो मागे सरकला. तिने हात आखडला नाही.

"आहे, आर्डिथ," तो पुटपुटला.

"ऑर्विल, त्याच्या बापाचं शेवटचं सगळं तू केलंस. पोराचंही तूच कर, बाबा. आणि पेटी उघडाल ना, तेव्हा मला नाही बघवायचं." तिने नाक ओढलं. "माझ्याऐवजी तू बघ त्याचं तोंड."