मास्तरांचा पाय

माझ्या डोक्यातला गोंधळ एका पायापासून सुरू झाला, आणि तो पाय माझा नव्हता.

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्या मास्तरांच्या पायाशीही एक ब्रेक असतो. हे कळल्यापासून गाडी थांबली की मी विचारायची, "आत्ता कोणी थांबवली?"

"आपण दोघांनी, मॅडम," मास्तर म्हणायचे. मला संताप यायचा. भाजीत दोघांनी मीठ घातलं तर ती खारट होते, एवढं मलाही कळतं.

मला ऑटिझम आहे हे डॉक्टरांनी तिशीत सांगितलं. त्याआधी घरच्यांनी 'तऱ्हेवाईक' या एका शब्दावर भागवलं होतं. मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करते. तिथे मला कोणी अर्धवट काही सांगत नाही. पण लाँड्री शहराबाहेर, बस जात नाही. रोज ताई सोडायची, तिची आता बदली झाली. उद्या लायसन्सच्या परीक्षेत नापास झाले, तर नोकरीवर पाणी सोडायचं. आणि मला गाडी येते की नाही, हेच मला ठाऊक नव्हतं.

"मास्तर, आज मांडी घालून बसा."

"गाडीत? मॅडम, माझ्या बायकापोरांचा तरी विचार करा!"

पण बसले. बूट काढून, कसेबसे.

चौकात समोरून ट्रक आला. ड्रायव्हरने हात हलवला. या, की थांबा? हातांचं मला कधीच कळत नाही.

"बोलावतोय तो. जा, जा!" मास्तर म्हणाले.

मी गाडी पुढे काढली, पण बघत होते ट्रकच्या चाकांकडे. चाकं फिरत होती. दुसऱ्याला 'या' म्हणणारा स्वतः कशाला निघेल? मी ब्रेक दाबला. ट्रक अगदी जवळून गेला. पलीकडच्या दुकानदाराने ड्रायव्हरला उलट हात केला. ड्रायव्हरचा तो हात दुकानदारासाठी होता.

मास्तर कळवळून गुडघा चोळत होते. ब्रेक दाबायला त्यांचा पाय सवयीने उसळला होता आणि डॅशबोर्डवर आपटला होता.

"कोणी थांबवली?"

"तुम्ही."

"मग कालची? परवाची?"

मास्तरांनी बूट उचलला, पण घातला नाही. "खरं सांगू? मलाही कळत नाही. पाय आपोआप जातो."

मला आनंद व्हायला हवा होता. झाला की नाही, तेही समजेना. उद्या याच सीटवर, याच ब्रेकपाशी परीक्षक बसणार होते.

"त्यांनाही मांडी घालायला सांगू?"

मास्तर हसले नाहीत. "सांगा," म्हणाले.